पहिलंवहिलं स्कुबा, अंदमान : पॅकेज घेऊ की आपलं आपण ठरवू? सोबत ११ वर्षांची मुलगी

अनुप_चिंचवड

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तिघं. मी ४६, बायको ४२, मुलीला नुकतं ११ पूर्ण झालं. मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी प्रवाळावर वाचलं आणि तिला जेव्हा कळलं की प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही, तो प्राणी आहे, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला तो जिवंत असताना बघायचाय, काचेच्या तळाच्या बोटीतून नाही, खाली जाऊन. खरं सांगायचं तर तिच्यामुळे मलाही आता ओढ लागलीय.

एजंटने २३ ते २८ डिसेंबरचं पॅकेज दिलंय. पोर्ट ब्लेअर एक रात्र, हॅवलॉक दोन, नील एक, परत पोर्ट ब्लेअर एक आणि विमान. त्यात 'स्कुबा व्हिडिओसकट' असं लिहिलंय. कधी विचारलं तर म्हणाला हॅवलॉकहून नीलला निघायचं त्या दिवशी सकाळी सहाला न्यायला येतील, साडेनऊची फेरी आहे तोवर सगळं उरकतं. हे 'उरकतं' ऐकून माझं मन जरा खट्टू झालं म्हणून इथे विचारतोय.

नुसतं एकदा खाली जाऊन यावं की सरळ सर्टिफिकेटचा कोर्स करावा? बायकोला अजिबात पोहता येत नाही आणि पाण्याची भीती आहे, तिने काय करायचं? मुलगी आणि मी दोघं पोहतो. मला उणे साडेचारचा चष्मा आहे आणि वर्षभरापासून बीपीची एक गोळी चालू आहे. आणि डिसेंबर बरा की दुसरा कुठला महिना? आगाऊ धन्यवाद.

---

खोलपाणी

अनुपजी, सगळ्यात आधी ते पॅकेज सोडा. रागाने नाही सांगत, पण मी गेली बारा-तेरा वर्षं डाईव्ह करतोय आणि दर वेळी हॅवलॉकच्या किनाऱ्यावर सकाळी सातला अशी कुटुंबं बघतो, अर्धवट झोपेत, अंगात ओला वेटसूट कोंबताहेत, फेरी चुकेल म्हणून एक डोळा घड्याळाकडे, आणि वीस मिनिटांत बाहेर. त्यांना प्रवाळ दिसतो की नाही देव जाणे, गोप्रोवाला मात्र दिसतो.

अंदमानात स्कुबा करायचं असेल तर बेटं मोजायची नाहीत, रात्री मोजायच्या. सात-आठ दिवस असतील तर पहिली रात्र पोर्ट ब्लेअर (सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी त्याच दुपारी बघून घ्या, घाई न करता), मग किमान चार-पाच रात्री सलग हॅवलॉक, आणि शेवटी एक रात्र परत पोर्ट ब्लेअर. नील सुंदर आहे, पण ते पुढच्या वेळी. आणि हो, हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम, तिकिटं काढताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

शेवटची ती रात्र का, तर विमानामुळे. खाली दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो, आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. तो पूर्ण निघायच्या आत विमानात बसलात आणि बाहेरचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सोड्याची बाटली फस्सकन उघडल्यासारखं. एकच डाईव्ह केला असेल तर निदान १२ तास, बरेच दिवस रोज डाईव्ह केले असतील तर निदान १८ तास थांबायचं असा नियम आहे. मी स्वतः २४ तास सोडतो. एजंटच्या आयटिनरीत हा हिशोब कधीच नसतो.

आता कोर्स की एकदाच. जे एकदाच करतात त्याला डीएसडी म्हणतात, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो, जास्तीत जास्त १२ मीटर, बहुतेकांना सात-आठ मीटरच्या खाली नेत नाहीत आणि त्याची गरजही नसते, हॅवलॉकच्या नेमो रीफवर (रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक) चार-पाच मीटरवरच भरपूर काही आहे. ओपन वॉटर म्हणजे खरा कोर्स. थिअरी, मग उथळ पाण्यात पाच सेशन, मग समुद्रात चार डाईव्ह, १८ मीटरपर्यंतचं कार्ड, आणि ते जगभर चालतं. मुलीला ११ म्हणजे तिला ज्युनिअर कार्ड मिळेल, वय १० पासून देतात, पण १२ वर्षांची होईपर्यंत तिला १२ मीटरची मर्यादा. तिला ते पुरून उरेल, रंग तर वरच असतात. पाच-सहा मीटरखाली लाल रंग दिसेनासाच होतो, सगळं निळसर करडं. टॉर्च मारला की मग कळतं तो मासा लाल होता.

तुम्ही आणि मुलीने ओपन वॉटर करा असं माझं स्पष्ट मत. पण सुट्टीतले तीन-चार दिवस वर्गात घालवू नका, थिअरी घरी ऑनलाईन होते, आणि पूलची सेशन पुण्यातच होतात, त्याला रेफरल म्हणतात. तिथला कागद घेऊन हॅवलॉकला जायचं आणि फक्त समुद्रातले चार डाईव्ह तिकडे. पोहण्याची परीक्षा असते, २०० मीटर न थांबता, वेळेचं बंधन नाही, कुठलाही स्ट्रोक चालतो, आणि १० मिनिटं तरंगत राहायचं. खर्च साधारण डीएसडीला माणशी पाच हजाराच्या आसपास आणि ओपन वॉटरला तीस हजाराच्या मागेपुढे धरून चाला, शॉपप्रमाणे (म्हणजे डाईव्ह करवणारं केंद्र) बदलतो.

डिसेंबर मी टाळेन. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे ईशान्येचा मोसमी वारा असतो, समुद्र कधी छान तर कधी एकदम खवळलेला, फेऱ्या रद्द होतात, आणि त्यात नाताळची गर्दी आणि नाताळचे दर. जानेवारी अखेर ते एप्रिल हा काळ बघा. परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये जमत असेल तर सोनं, उकाडा आहे पण पाणी तळ्यासारखं शांत, २९-३० डिग्री.

चष्म्याचं टेन्शन घेऊ नका, नंबरवाले मास्क मिळतात, शॉपला आधी कळवून ठेवायचं. पाण्याखाली तसंही सगळं एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं.

---

मृण्मयी_ठाणे

खोलपाणी यांनी सगळं नीट सांगितलंच आहे, मी फक्त तुमच्या बायकोसाठी लिहितेय, तिला हे वाचायला द्या.

ताई, मला पोहता येत नव्हतं. लहानपणी विहिरीत ढकलून शिकवायचा प्रयत्न झाला होता, त्यानंतर चाळीस वर्षं मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. हॅवलॉकला नवरा आणि मुलगा डाईव्हला गेले आणि मी किनाऱ्यावर टॉवेल सांभाळत बसले होते. तिथली एक इन्स्ट्रक्टर मुलगी, असेल पंचविशीची, माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली खाली जायचं नाही, फक्त कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसून तोंड पाण्यात घालायचं आणि तोंडात धरलेल्या सिलिंडरच्या नळीतून श्वास घ्यायचा, बास, नको वाटलं तर उभं राहायचं. तेवढंच. मी तोंड घातलं आणि पहिला श्वास आला तेव्हा छातीत इतकं धडधडत होतं, सगळं शरीर सांगतं की पाण्याखाली श्वास घ्यायचा नसतो. दोनदा उठून उभी राहिले. तिने एकदाही घाई केली नाही. तिसऱ्यांदा मी माझा स्वतःचा आवाज ऐकला, आत घेताना सूंऽऽ आणि सोडताना बुडबुड, आणि तो आवाज मोजता मोजता मी शांत झाले. मग वाळूच्या उतारावरून तिने मला हाताला धरून कधी नेलं कळलंच नाही. साडेपाच मीटर. घड्याळ तिने नंतर दाखवलं.

खाली एक मोठा निळाहिरवा पोपटमासा प्रवाळ खात होता आणि त्याचा आवाज येतो हो, कुरुम कुरुम, कोणी पापड खावा तसा. मी तो आवाज अजून विसरलेले नाही.

डीएसडीला पोहता येण्याची अट नाही, त्यामुळे ताई तुम्ही करू शकता. पण एक करा. तुमच्यासाठी स्वतंत्र इन्स्ट्रक्टर मागा, एकास एक, आणि शक्यतो नवरा-मुलगी सोबत नकोत, आपण त्यांच्याकडे बघत बसतो. आणि आधी सांगून ठेवा की मला उथळ पाण्यात जास्त वेळ लागणार आहे. ज्या शॉपला हे ऐकून कंटाळा येईल ते शॉप सोडा. मी परत आल्यावर नगरपालिकेच्या तलावात बॅच लावली, ५२ व्या वर्षी पोहायला शिकले.

---

संदेश_सातारा

चांगलं सगळ्यांनी लिहिलंय, मी वाईट अनुभव लिहितो कारण तो पण माहिती पाहिजे. ठिकाणाचं आणि शॉपचं नाव लिहीत नाही.

मला सर्दी होती. पैसे भरलेले, तारीख ठरलेली, मित्र म्हणाले नाकात स्प्रे मार आणि चल. तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे नाही-नाही टिक केलं, तिथल्या पोऱ्यानेच सांगितलं सगळीकडे नो करा लवकर होईल. एक इन्स्ट्रक्टर आणि आम्ही चौघं. बोटीवरून उतरलो, दोन-तीन मीटर गेल्यावर उजवा कान असा दुखायला लागला की डोळ्यापुढे पांढरं. मी कानाकडे बोट दाखवलं, त्याला वाटलं मी विचारतोय कान ठीक का, त्याने ओकेची खूण केली आणि सिलिंडरला धरून आणखी खाली नेलं. मग एकदम कट्ट झालं आणि दुखायचं थांबलं, आणि डोकं गरगरायला लागलं, वर कुठलं आणि खाली कुठलं कळेना. पडदा फाटला होता. सहा आठवडे डोक्यावरून आंघोळ नाही. ऐकू नीट येतं आता, पण त्यांनी दिलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे आणि त्यात मी हात हलवताना दिसतो, घरचे म्हणाले छान टाटा करतोय, मी तेव्हा दुखतंय म्हणून सांगत होतो.

तर खुणा जमिनीवर नीट शिका आणि पोरीकडून घोटून घ्या. नुसतं कानाकडे बोट दाखवायचं नाही. आधी पंजा आडवा धरून डावीउजवीकडे डुलवायचा म्हणजे 'काहीतरी बिघडलंय', आणि मग कान दाखवायचा. आणि अंगठा वर म्हणजे मस्त नाही, अंगठा वर म्हणजे 'वर चला'. हे पहिल्या दिवशी सगळे विसरतात.

---

कान_नाक_घसा_नाशिक

संदेश, वाचून वाईट वाटलं आणि हे टाळता आलं असतं म्हणून जास्त वाईट वाटलं. मी ईएनटी आहे आणि हौशी डाईव्हरही, त्यामुळे कानाबद्दल जरा सविस्तर लिहितो, पहिल्या डाईव्हला बाकी कशाहीपेक्षा कानच आडवा येतो.

पडद्याच्या आतल्या बाजूला हवेची एक लहानशी खोली आहे आणि तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते, युस्टेशियन ट्यूब. एरवी ती मिटलेली असते, जांभई दिली किंवा आवंढा गिळला की क्षणभर उघडते. वरच्या हवेचा दाब जेवढा, तेवढाच आणखी दाब फक्त १० मीटर पाणी टाकतं. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट, त्यानंतर तो पुन्हा दुप्पट व्हायला ३० मीटरपर्यंत जावं लागतं. म्हणून कानाचा सगळा त्रास वरच्या तीन-चार मीटरमध्येच असतो, लोकांना वाटतं खोल गेल्यावर दुखतं, तसं नाही.

नाक चिमटीत धरून अगदी हळू फुंकायचं, दोन्ही कानांत टिक् असं होतं. हे दुखायच्या आधी करायचं. पाण्याबाहेर असताना एकदा, मग पहिल्या काही मीटरमध्ये दर अर्ध्या मीटरला, दुखो न दुखो. कारण दाबाचा फरक एका मर्यादेपलीकडे गेला की त्या नळीचं मऊ तोंड चिकटून बसतं, मग कितीही जोर लावा ती उघडत नाही, आणि जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते, ती पडदा फाटण्यापेक्षा वाईट. नाही उघडलं तर मीटरभर वर यायचं, आवंढा गिळायचा, पुन्हा हळू प्रयत्न. तरीही नाही तर त्या दिवशी डाईव्ह नाही. पाय खाली आणि डोकं वर ठेवून दोरीला धरून उतरलं तर पुष्कळ सोपं जातं, हे इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा.

स्प्रे मारून सर्दीत उतरू नका. स्प्रेचा असर खाली असताना संपला तर नळी पुन्हा सुजते आणि वर येताना आत अडकलेली हवा बाहेर पडत नाही. खाली जाताना अडलं तर वर यायचा पर्याय असतो, वर येताना अडलं तर हवा संपेपर्यंतच वेळ असतो.

मुलीला आजपासून घरी आरशासमोर दिवसातून चार वेळा करायला लावा, मुलांच्या नळ्या अरुंद असतात, सवय झाली की सोपं जातं. पुण्याहून मुंबईला जाताना बोरघाट उतरताना करून बघा, तिथे कान बंद होतातच.

अनुपजी, तुमची बीपीची गोळी. कोर्सच्या वेळी मेडिकल फॉर्म असतो. त्यात ४५ च्या वरच्यांसाठी वेगळी विचारणा आहे, त्यात बीपी असेल तर फिजिशियनची सही लागते. तुम्ही ४६ आणि बीपी, म्हणजे तुम्हाला लागणारच. ती पुण्यातूनच घेऊन जा आणि कुठली गोळी चालू आहे ते डॉक्टरांना डाईव्हिंगचं नाव घेऊन सांगा. तिकडे किनाऱ्यावर फॉर्म हातात पडला की माणूस खोटं टिक करतो, सुट्टी वाया जाऊ नये म्हणून. दमा, फिट्स, कानाचं जुनं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर लपवू नका.

---

मालवणचो_झील

सगळे अंदमान अंदमान करतायत म्हणून लिहितो, आमच्या तारकर्लीक विसरू नका. एमटीडीसीचं स्कुबा सेंटर आहे तिथे, स्वतःचा खोल पूल आहे, ओपन वॉटर शिकवतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतं आणि प्रवाळ आमच्याकडे पण आहे. पाणी अंदमानासारखं नितळ नाही हे मान्य, मी स्वतः चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर लांबचं बघितलंय आणि वाईट दिवशी स्वतःच्या पायातले फिन दिसत नाहीत. पण जो गढूळ पाण्यात शिकला तो नितळ पाण्यात घाबरत नाही, हे माझं मत.

मात्र एक गोष्ट, विमानाचं वर लिहिलं तसंच घाटाचं पण आहे. कोल्हापूर-बेळगावचे लोक दुपारी डाईव्ह करतात आणि संध्याकाळी आंबोली चढून घरी. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच. सहाशे मीटरच्या वर जायचं तर विमानाचाच नियम धरायचा. रात्री मालवणात राहा, सोलकढी प्या, सकाळी निवांत निघा.

---

अनुप_चिंचवड

इतकं लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. बायकोने मृण्मयीताईंचं तीन वेळा वाचलं आणि म्हणाली बघते. एवढं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. पॅकेजला नाही कळवलं. एप्रिलचा दुसरा आठवडा, आठ रात्री, पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक सहा, परत एक. मुलगी आणि मी मार्चमध्ये शनिवार-रविवारी पूल सेशन करतोय. फिजिशियनकडे जाऊन आलो, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून मग सही दिली.

एक प्रश्न मुलीचा आहे, तिच्याच शब्दांत : 'आपण खाली गेल्यामुळे प्रवाळाला त्रास होतो का, होत असेल तर मी वरूनच बघीन.' याला काय उत्तर देऊ?

---

खोलपाणी

तिला सांगा की नीट गेलं तर होत नाही, आणि असा प्रश्न विचारणारी मुलगी नीटच जाईल.

त्रास होतो तो फिनच्या फटक्याने आणि उभं राहण्याने. ज्या फांदीवर माणूस पाय ठेवून मास्क नीट करतो ती फांदी वाढायला कित्येक वर्षं गेलेली असतात. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंगच्या गर्दीत मी लोकांना लाइफ जॅकेट घालून प्रवाळावर उभं राहताना बघितलंय आणि ओरडलोय पण. त्यामुळे पूलमध्ये मास्क काढणं-घालणं जेवढं शिकाल त्याच्या दुप्पट वेळ नुसतं तरंगत राहायला द्या. श्वास आत घेतला की शरीर जरासं वर जातं, सोडला की खाली येतं, फुफ्फुस म्हणजे आपला फुगा. हातांनी काही करायचं नाही, हात छातीशी बांधून ठेवायचे. तिला हे जमलं की ती प्रवाळापासून हातभर अंतरावर स्थिर राहून बघू शकेल, आणि तेवढ्यावरून पॉलिप दिसतात, ती एवढीएवढीशी तोंडं आणि भोवतीच्या मिशा. दिवसा बरेचसे मिटलेले असतात, काही जातींचे उघडे असतात.

श्वास मात्र कधीही रोखायचा नाही, विशेषतः वर येताना. १० मीटरवर भरून घेतलेली हवा वर येईस्तोवर दुप्पट जागा मागते. घोटून घ्या हे तिच्याकडून.

सनस्क्रीन फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टीशर्ट) घाला, पाण्यात काही जात नाही. आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळ, शंख, काही म्हणजे काही बॅगेत घालू नका, प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली येतो आणि एअरपोर्टला बॅगा तपासतात.

आणि तिला एक खरी गोष्ट पण सांगा, ती प्रोजेक्ट करतेय म्हणून. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचं पाणी फार तापलं होतं आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले. प्रवाळाच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न देतं आणि रंगही, पाणी तापलं की प्रवाळ ते बाहेर टाकतो. लगेच मरत नाही, पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, नाही निवलं तर उपाशी मरतो. मी त्यानंतर दोन वर्षांनी गेलो तेव्हा काही ठिकाणी नुसता करडा ढिगारा होता, आणि त्याच ढिगाऱ्यावर नखाएवढी नवीन प्रवाळं धरलेली. दोन्ही दिसेल तिला. २०२४ मध्ये तर जगभरच्या रीफवर पुन्हा असं झालं. तिने आत्ता जाऊन बघितलेलं बरं.

---

अनुप_चिंचवड

परत आलो! काल रात्री उशिरा घरी पोचलो आणि आज आधी इथे लिहितोय.

मुलगी आणि मी दोघंही ओपन वॉटर. चार डाईव्ह, दोन दिवसांत दोन-दोन. मास्क साडेचार नंबरचा त्यांनी आधीच बाजूला ठेवला होता. डॉक्टरसाहेब, अर्ध्या मीटरला एकदा हे मी मंत्रासारखं केलं, तरी पहिल्या डाईव्हला डावा कान अडलाच, वर आलो, आवंढा गिळला, परत गेलो, टिक् झालं. तेवढ्यात मुलगी खाली गुडघ्यावर बसून माझी वाट बघत होती, हात छातीशी बांधून.

बायकोचं सांगतो. पहिल्या दिवशी दोन मीटरवरून परत आली, रडली, इन्स्ट्रक्टर म्हणाला काही हरकत नाही, उद्या फक्त किनाऱ्यावर बसायला या. सहा रात्री होत्या म्हणून 'उद्या' म्हणता आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच गेली (सूर्य पाचलाच वर असतो तिकडे), पाऊण तास कमरेएवढ्या पाण्यातच होती. मग २८ मिनिटं, सात मीटर. वर आली तेव्हा मास्कचा वळ कपाळावर आणि काही बोलेचना. दुपारी जेवताना एकदम म्हणाली, 'कुरुम कुरुम ऐकलं.' मृण्मयीताई, हे तुमच्यामुळे.

मुलीचा प्रश्न आहे. चौथ्या डाईव्हला वाळूत तिला एक बोटभर मासा दिसला, बिळाच्या तोंडाशी नुसता उभा, आणि त्याच्या शेजारून एक कोळंबी आतून वाळू ढकलत ढकलत बाहेर येत होती बुलडोझरसारखी, वाळू टाकायची आणि परत आत. ही जरा पुढे सरकली तर आधी मासा आणि त्याच क्षणी कोळंबी, दोघं गायब. इन्स्ट्रक्टरला विचारायचं राहून गेलं. तिने वहीत चित्र काढलंय आणि खाली लिहिलंय 'हे एकत्र का राहतात?'

---

मालवणचो_झील

पोरीची नजर बघा! तो गोबी मासा आणि ती पिस्तूल कोळंबी. कोळंबीला जवळजवळ दिसतच नाही, पण बीळ खणण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, दिवसभर तेच करते. माशाला खणता येत नाही पण नजर तीक्ष्ण. म्हणून तो दारात पहारा देतो आणि ती घर सांभाळते. बाहेर येताना ती आपली एक लांब मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवते, तिला सगळी खबर तिथूनच. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि ती आत. अगदीच जवळ आलात तर तो स्वतःही डोकं खाली घालून आत.

पुढच्या वेळी तिला सांगा दोन मीटर लांब थांबायचं, वाळूपासून जरा वर, श्वास अगदी सावकाश सोडायचा, बुडबुड्यांच्या आवाजानेच ते बुजतात. पाचेक मिनिटांत आधी मासा येईल, मग ती. आणि तिच्या चित्रात कोळंबीची मिशी माशाला टेकलेली आहे का ते बघून इथे लिहा.